सुट्ट्यांचं भांडण आणि सौजन्याचा उपदेश

शनिवार-रविवारी राजगड-तोरणा करून आलेल्या पुणेकरांच्या बोलण्यात एक तक्रार हमखास असते, आणि शिकून बाहेर पडलेली भोरची मुलंही आता तिला मान डोलावतात. भोर-वेल्ह्यात पैसे घेणाऱ्यांना म्हणे बोलायची रीत नाही. दुकान असो, हॉटेल असो की एसटी, पैसे घेताना समोरचा वर बघत नाही, पाचशेची नोट दिली की कपाळाला आठी घालतो आणि उरलेले दोन रुपये मागितले तर मागणाऱ्यालाच चिकट ठरवतो. तक्रारीपाठोपाठ उपायही सांगितला जातो: या लोकांना ग्राहकसेवा शिकवा, मॉलमधल्यासारखं हसून बोलायला लावा. गल्ल्यामागे बसणाऱ्याचं उत्तरही तयार असतं. गिऱ्हाईकच माजलंय, कानाचा फोन काढत नाही, बारा रुपयांच्या बिस्किटाला बंदी नोट काढतं, नोट हातात न देता काउंटरवर भिरकावतं. ऐकताना हे दोन पक्ष एकमेकांच्या विरोधात वाटतात, पण मुळात दोघांचं म्हणणं एकच आहे: दोष समोरच्याच्या स्वभावात आहे. मला हे निदानच चुकीचं वाटतं. भाडं किती रुपयांच्या पटीत ठेवायचं, नाणी कुठवर पोचवायची, कुठल्या यंत्रावर काम अडवायचं हे ठरवणारे लोक गल्ल्यापासून पुष्कळ लांब बसलेले असतात. भांडणाचा मोठा भाग त्यांनी तिथेच करून ठेवलेला असतो, आणि भोर-वेल्ह्यात दोन माणसं तो एकमेकांच्या अंगावर ओततात.

याचा सर्वांत चांगला पुरावा एसटीतच आहे. जून २०१८ मध्ये महामंडळाने अठरा टक्के भाडेवाढ केली, तेव्हाच तिकिटं पाच रुपयांच्या पटीत आणली. सात रुपये होत असतील तर पाच घ्यायचे, आठ होत असतील तर दहा. कारण उघड सांगितलं होतं: सुट्ट्या पैशांवरून वाहक आणि प्रवासी यांच्यात रोज वाद होतात. पुढे २५ जानेवारी २०२५ पासून १४.९५ टक्के भाडेवाढ झाली आणि तिकिटांत पुन्हा एक-एक रुपया आला. दहाचं तिकीट अकराचं झालं. त्या दिवसापासून राज्यभर तीच भांडणं पुन्हा सुरू झाली. प्रवाशांनी यूपीआयने पैसे द्यावेत असं आवाहन मंत्र्यांना करावं लागलं, वाहकांना शंभर रुपयांपर्यंतची सुट्टी नाणी आगाऊ द्यायच्या सूचना निघाल्या. आता सौजन्याच्या पुरस्कर्त्यांना विचारावंसं वाटतं की या मधल्या काळात नेमकं कोण बदललं. स्वारगेट-भोर गाडीवरचा वाहक तोच, कापूरहोळला उतरणारे प्रवासी तेच, मार्गासनीहून वेल्ह्याच्या गाडीत चढणारी बाजाराची माणसंही तीच. कुणालाही एका रात्रीत सभ्यता आली नव्हती आणि कुणाची एका रात्रीत गेलीही नाही. बदलला तो तिकिटावरचा आकडा. स्वभावाची चौकशी करायच्या आधी या एका आकड्याची चौकशी व्हायला हवी होती.

यावर म्हणतात, वाहकाने घरूनच चिल्लर आणावी, त्यात काय एवढं? ज्याने वाहकाचं काम जवळून पाहिलेलं नाही त्यालाच हे सुचतं. ड्यूटीवर जाताना वाहकाला जवळची खाजगी रक्कम नोंदवावी लागते. रस्त्यात तपासणी झाली आणि पिशवीतली रोकड तिकिटांच्या हिशेबापेक्षा जास्त निघाली तर संशय त्याच्यावर येतो, आणि कमी भरली तर आगारात भरणा करताना ती त्याच्याच खिशातून जाते. म्हणजे जास्त पैसा बाळगणं धोक्याचं आणि कमी पडू देणं तोट्याचं. वर गाडी घाटात, निम्मे प्रवासी उभे, पुढचा थांबा यायच्या आत सगळ्यांची तिकिटं फाडून झाली पाहिजेत. त्यावर वाहकांनी शोधलेला जुना तोडगा म्हणजे तिकिटाच्या पाठीवर बाकी लिहून देणं. कोणत्याही प्रशिक्षणात न शिकवलेलं हे सौजन्यच आहे. वाहक त्यात लेखी मान्य करतो की हे पैसे तुमचे आहेत, आत्ता नाहीत, उतरताना घ्या. ते घ्यायचं विसरून प्रवासी उतरला की वाहकाने पैसे खाल्ले असं घरी जाऊन सांगतो. आणि गर्दीत वाहकच विसरला तर ‘ओ मास्तर’ अशी हाक मारायचा संकोच होऊन म्हातारी माणसं तशीच उतरतात. दोघांपैकी एकालाही उद्धट म्हणता येत नाही, तरी दोघेही चडफडत घरी जातात.

दुसरा पुरावा रेशन दुकानाचा. अन्न सुरक्षा कायद्याखाली तांदूळ तीन रुपये आणि गहू दोन रुपये किलो होता, तेव्हा वरच्या एक-दोन रुपयांवरून दुकानदार आणि कार्डधारक यांची जुंपायची. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झालं आणि तो वाद मिटला, कारण मोजायला पैसेच उरले नाहीत. म्हणून रेशन दुकानाच्या दारात शांतता आली का? तिथे आता अंगठ्यावरून वाद होतो. भाताची लावणी करून, शेण-माती काढून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत त्यांचा ठसा यंत्र घेत नाही. ठसा घेतला तर सर्व्हर बंद असतो. वेल्ह्याच्या आतल्या खोऱ्यांत नेटवर्क डोंगराच्या मर्जीवर. रांगेतल्या मावशी दुकानदारावर खेकसतात, दुकानदार त्यांना उद्या यायला सांगतो. तीच दोन माणसं, तोच उंबरठा, फक्त वादाचं कारण नाण्यावरून अंगठ्यावर सरकलं. व्यवस्था जिथे अडते तिथे माणसं भांडतात, हे इथे जितकं स्वच्छ दिसतं तितकं क्वचितच कुठे दिसत असेल.

किराणा दुकानात मात्र प्रकरण गुंतागुंतीचं आहे, आणि इथे मी दुकानदाराची सरसकट वकिली करणार नाही. दहाचं नाणं ‘आमच्याकडे चालत नाही’ असं सांगणं हा शुद्ध आडमुठेपणा आहे. हे नाणं २००९ पासून चलनात आहे. त्याचे चौदा निरनिराळे नमुने निघाले आणि ते सगळे वैध आहेत, असं रिझर्व्ह बँकेने १७ जानेवारी २०१८ ला जाहीर केलं. २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे एक रुपया आणि त्यावरची नाणी एका व्यवहारात हजार रुपयांपर्यंत कायदेशीर चलन आहेत. तरीही अफवा टिकली. ती का टिकली याचं उत्तर बँकेच्या खिडकीपाशी मिळतं. दुकानदाराने आठवडाभराची नाणी पिशवीत भरून नेली की मोजायला माणूस नाही, जागा नाही, नंतर या, असं ऐकून परत यायचं. नाणी नाकारू नका, शंभर-शंभरच्या पिशव्यांत घ्या, एक-दोन रुपयांची वजनावर घ्या, अशा रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. पण खिडकीवर एकटा बसलेला रोखपाल आणि त्याच्यासमोरची पेन्शनची रांग पाहिली की त्या सूचनांचं काय होतं ते कळतं. बँक घेत नाही म्हणून दुकानदार घेत नाही, दुकानदार घेत नाही म्हणून ते गिऱ्हाइकाच्या डब्यात पडून राहतं, आणि मग चिल्लर नाही म्हणून सगळेच ओरडतात. नाणी पाडतं सरकार, वाटते रिझर्व्ह बँक, पोचवतात बँका. या शेवटच्या टप्प्याला खर्च येतो हे रिझर्व्ह बँकेलाही मान्य आहे: सप्टेंबर २०२१ पासून नाणी वाटल्याबद्दल बँकांना मिळणारी रक्कम पिशवीमागे २५ वरून ६५ रुपये झाली, आणि ग्रामीण व निमशहरी भागासाठी वर १० रुपये जास्त ठेवले. खेड्यात चिल्लर पोचवणं महाग आहे हे ज्यांना ठाऊक आहे ते बँकेला पैसे देतात. भोरच्या वाण्याला मात्र तेच काम फुकटात आणि हसतमुखाने करायला सांगितलं जातं.

चॉकलेटचा विषय याच ओघातला. दोन रुपयांच्या बदल्यात दोन गोळ्या हातावर ठेवणं ही सोय असल्याचं भासवलं जातं, पण ती न मागितलेल्या मालाची विक्री आहे. उलट दिशेने गिऱ्हाइकाने चार गोळ्या देऊन चार रुपये वळते करायला सांगितले तर कुठलाही दुकानदार घेणार नाही. नाणी नसतील तर वहीत जमा लिहा, पुढच्या खेपेला वळते करा. भोर-वेल्ह्याच्या दुकानात वही असतेच. भात निघेपर्यंत उधारीवर थांबणाऱ्या दुकानदाराला गिऱ्हाइकाचे दोन रुपये जमा दाखवणं अवघड नाही, फक्त नावं मांडायची सवय असलेल्या वहीला जमा मांडायची सवय नाही. या उधारीचं कौतुक होतं ते योग्यच आहे; पोराच्या हाती चिठ्ठी पाठवली तरी माल मिळतो हा विश्वास कोणत्याही मॉलमध्ये विकत मिळणार नाही. पण त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी: ज्याचं खातं वहीत आहे त्याला भाव विचारायची सोय राहत नाही.

आता सर्वांत मोठा आक्षेप. हे सगळं जुनं झालं, यूपीआय आलं, भाजीवालीकडेही क्यूआर कोड आहे, सुट्ट्यांचा प्रश्नच मिटला. काही अंशी हे खरं आहे. अकरा रुपये अकराच जातात, याचं श्रेय नाकारायचं कारण नाही, आणि १ जानेवारी २०२० पासून या व्यवहारावर दुकानदाराला शुल्क पडत नाही, ही त्याच्या प्रसाराची मोठी बाजू आहे. पण भोर सोडून वर गेलं की चित्र बदलतं. पैसे खात्यातून गेले आणि दुकानदाराच्या स्पीकरवर आवाज आला नाही, मग खरं कोण? रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार असे अडकलेले पैसे पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत, त्यापुढे दिवसाला शंभर रुपये भरपाई. मोठ्या रकमेला हे ठीक आहे. चाळीस रुपयांच्या चहा-भज्यांसाठी गुंजवण्याच्या हॉटेलवाल्याने पाच दिवस कुणाची वाट पाहायची? पर्यटक तोवर पुण्यात पोचलेला असतो. म्हणून तो ‘स्क्रीन दाखवा’ म्हणतो, आणि खोट्या पावतीचे प्रकार ऐकलेले असल्याने स्क्रीन पाहूनही थांबायला सांगतो. पर्यटकाला हा अपमान वाटतो, चोर समजले असं तो म्हणतो. पूर्वी नाण्याचा खरेपणा वाजवून पाहत, तेव्हा कुणाला अपमान वाटत नसे. आज तपासणी फोनची होते आणि लागते मात्र माणसाला, एवढाच फरक. वही आणि नोट दोन्ही वापरणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचा तर या आक्षेपात विचारही नाही. त्यांच्यासाठी यूपीआयमुळे चिल्लर आणखी दुर्मीळ झाली, कारण दुकानात नाणी येणंच कमी झालं.

मग उद्धटपणाला माफी आहे का, असं कुणी विचारील. माणसाच्या हातात काहीच नाही, सगळं व्यवस्थेवर ढकला, असा याचा अर्थ होत नाही का? होत नाही. उलट, व्यवस्थेने केलेली अडचण बाजूला काढली की माणसाच्या खऱ्या जबाबदारीचा भाग नीट दिसू लागतो, आणि तो लहान असला तरी सुटत नाही. छापील किमतीपेक्षा जास्त घेणं, वैध नाणं नाकारणं, गोळ्या गळ्यात मारणं यात वाहकाच्या चिल्लरीसारखी लाचारी नाही. गिऱ्हाइकाच्या बाजूनेही तसंच. रांगेत उभं असताना पाकीट हातात काढून ठेवायला पैसे पडत नाहीत. सकाळी दुकान उघडल्याबरोबर पाचशेची नोट मोडायला आणणं म्हणजे आपली अडचण दुसऱ्याच्या गल्ल्यात टाकणं. आणि पैसे हातात द्यावेत, फेकू नयेत, ही गोष्ट आपल्या भागात नुसत्या शिष्टाचाराची नाही. या मुलखात विटाळ होऊ नये म्हणून वरून नाणं टाकलं जात होतं, याला फार पिढ्या झाल्या नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आठवणींत १९०१ सालचा प्रसंग लिहून ठेवला आहे. वडील कोरेगावला रोखपालाच्या नोकरीवर होते, त्यांच्याकडे निघालेली मुलं शेजारच्याच सातारा जिल्ह्यात मसूर स्टेशनवर उतरली. अंगावर चांगले कपडे, जवळ पैसे, दुप्पट भाडं द्यायची तयारी. तरी जात कळल्यावर एकही गाडीवान तयार होईना. शेवटी मुलांनी गाडी हाकायची आणि गाडीवानाने पायी यायचं, यावर सौदा ठरला, तोही दुप्पट भाड्यानेच. पैसे चोख होते, तोटा दुसऱ्याच गोष्टीचा होता. गल्ल्यावर नोट भिरकावणाऱ्याने आणि सुट्टे पैसे काउंटरवर आपटणाऱ्याने हा इतिहास आठवावा. ‘थँक यू’ नाही म्हटलं तरी चालेल, हात पुढे करून द्यावं-घ्यावं.

मॉलमधल्या हसण्याचं जे उदाहरण दिलं जातं, त्याबद्दल थोडंसंच. तिथे हसणाऱ्या मुलीला हसण्याचा पगार आहे, सुट्ट्यांनी भरलेला ट्रे व्यवस्थापनाने तिच्या हाताशी ठेवलेला आहे, आणि तुम्ही कोण हे तिला माहीत असायची गरज नाही. भोरच्या दुकानात हसणं कमी असेल, पण घरात आजारी कोण आहे ते ठाऊक असतं आणि औषधाची पुडी रात्री दार वाजवून मिळते. पुण्याने तर या बाबतीत इतरांना शिकवावं, हाच विनोद आहे. तिथे खडूस पाटी भिंतीवर लावली की तिचं कौतुक होतं, फोटो काढले जातात; तेच वाक्य वेल्ह्यातल्या हॉटेलवाल्याने तोंडाने म्हटलं की तो अडाणी ठरतो. बँकांच्या भिंतीवर ग्राहक हाच आपला सर्वांत महत्त्वाचा पाहुणा, अशा अर्थाचा गांधीजींच्या नावाचा फलक असतो. गांधीजींनी ते म्हटल्याचा अस्सल आधार कुणी दाखवू शकलेलं नाही. तरी फलक टिकून आहे, कारण फलक लावायला नाणी मोजणारा दुसरा माणूस नेमण्यापेक्षा खूपच कमी पैसे लागतात.

तोरणा समुद्रसपाटीपासून १४०३ मीटर उंच आहे. तिथवर डोक्यावरून ताक नेऊन विकणाऱ्या बाईशी दहा रुपयांची घासाघीस करायची, तिच्याकडे शंभराची मोड नाही म्हणून तोंड वाकडं करायचं, आणि खाली येऊन इथल्या लोकांच्या रीतीबद्दल बोलायचं, हे ज्यांना विसंगत वाटत नाही त्यांना मी काही पटवू शकेन असं नाही. वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव द्यायचं मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ठरवलं. नाव मोठं झालं, आता एसटीचं तिकीट आणि बँकेची खिडकीही सुधारावी, एवढीच अपेक्षा आहे. भोर आणि वेल्ह्याच्या बँक शाखांत आठवड्यातून एक ठरलेला दिवस नाण्यांसाठी राखून ठेवता येईल, आणि दुकानदारांनी त्याची मागणी लेखी करायला हवी. एसटीच्या बाबतीत तर नवं काही शोधायचीही गरज नाही. राष्ट्रीय महामार्गांवरचा टोल पाच रुपयांच्या पटीतच आकारायचा, असं २००८ च्या शुल्क नियमांत लिहिलेलं आहे. म्हणजे भोर-वेल्ह्याची एसटी खेड-शिवापूरच्या ज्या टोलनाक्यावरून जाते, तिथे मोटारवाल्याला सुट्ट्यांचा त्रास होऊ नये म्हणून सरकारने आधीच काळजी घेतली होती. त्याच नाक्यावरून जाणाऱ्या एसटीतल्या उभ्या प्रवाशाला अकरावा रुपया शोधायला का लावलं, याचं उत्तर वाहकाकडे मागू नका. ते महामंडळाकडे मागा, आणि लेखी मागा.